गळलेलं एक वाक्य आणि ‘अन्य दर्जा’

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० डिसेंबर १९९३ रोजी अपंगांना समान संधी मिळावी म्हणून काही प्रमाण नियम मंजूर केले. त्यातला नववा नियम कुटुंबजीवनाचा आहे. त्यात म्हटलं आहे, की अपंग व्यक्तींना आपली लैंगिकता अनुभवण्याची, लैंगिक संबंध ठेवण्याची आणि पालक होण्याची संधी नाकारता कामा नये. हे नियम कोणत्याही देशावर बंधनकारक नव्हते, आणि बंधन नसलेल्या कागदावर अशी वाक्यं खपून जातात. तेरा वर्षांनी, १३ डिसेंबर २००६ ला, त्याच आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा बंधनकारक करार एकमताने स्वीकारला. त्यात हे वाक्य नाही. ‘लैंगिकता’ हा शब्दच त्या करारात कुठे सापडत नाही.

क्वीअर (समलैंगिक, पारलिंगी आणि लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या इतर) अपंगांच्या चळवळीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण मिरवणुकांपासून सुरुवात करतात. पण आज या लोकांना अपंगांच्या आणि क्वीअर अशा दोन्ही चळवळींत ‘आधी मुख्य प्रश्न, तुमचं नंतर बघू’ हे जे उत्तर मिळतं, त्याचं सर्वात स्वच्छ उदाहरण या गळलेल्या वाक्यात आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

करारासाठीची समिती २००१ च्या अखेरीस नेमली गेली आणि २००२ ते २००६ या काळात तिची आठ अधिवेशनं न्यूयॉर्कला झाली. जानेवारी २००४ मध्ये चाळीस सदस्यांच्या एका कार्यगटाने पहिला एकत्रित मसुदा तयार केला. त्या गटात सत्तावीस देश होते, बारा बिगरसरकारी संघटना होत्या आणि एक राष्ट्रीय मानवाधिकार संस्था होती. अपंगांच्या संघटना प्रत्यक्ष मसुदा लिहायला बसल्या होत्या, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. या मसुद्यात १९९३ चं वाक्य होतं, उलट थोडं रुंदावलेलं होतं: लैंगिकता अनुभवण्याची, ‘लैंगिक आणि इतर जवळिकीचे संबंध’ ठेवण्याची आणि पालकत्वाची समान संधी.

मग चौकटी कंस आले. ज्या शब्दावर एकमत नाही तो मसुद्यात चौकटी कंसात ठेवायचा, अशी वाटाघाटींची रीत असते. ही कलमं वाचताना कंसांवर नजर ठेवली, तर भांडण कुठे सरकतंय ते कळतं. काहींचं म्हणणं, संबंध असतील तर ते कायदेशीर विवाहातूनच असावेत. काहींना ‘प्रत्येक देशाचे कायदे, रूढी आणि परंपरा यांना अनुसरून’ अशी शेपटी हवी होती. समितीच्या अध्यक्षांची बाजू पुन्हा पुन्हा अशी, की हा करार नवे हक्क निर्माण करत नाही, आहेत तेच हक्क अपंगांना लागू करतो. ‘जवळिकीचे संबंध’ हे शब्द समलिंगी जोडप्यांना मान्यता देणारी फट ठरतील, ही भीती सभागृहात सगळ्यांनाच कळत होती. ती मोकळेपणी बोलून दाखवायला मात्र फारसं कोणी तयार नव्हतं.

शेवटी जे कलम २३ छापलं गेलं, त्यात विवाह, कुटुंब, पालकत्व आणि ‘नातेसंबंध’ यांबाबत भेदभाव नको, एवढंच आहे. लैंगिकता गेली, जवळीक गेली, उरलं ते ‘नातेसंबंध’. शेजारच्या पोटकलमात अपंगांना, मुलांनासुद्धा, आपली प्रजननक्षमता टिकवण्याचा हक्क मिळाला. सक्तीच्या नसबंदीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हा विजय केवढा मोठा होता ते सांगायला नको. वाटाघाटीत बसलेल्या अपंग प्रतिनिधींनी आपली ताकद तिथे लावली, याबद्दल त्यांना सहज दोष देता येत नाही. पण मुलं होऊ देण्याचा हक्क ठामपणे लिहिला गेला आणि सुख अनुभवण्याचा पुसला गेला, एवढं तरी नोंदवून ठेवावं.

याच कलमातली आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आणि १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात विवाहाचा हक्क ‘पुरुष आणि स्त्रिया’ यांचा आहे. २००६ च्या करारात तो ‘सर्व अपंग व्यक्तीं’चा आहे. हे कोणी मुद्दाम घडवून आणलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या कलमातून समलिंगी नात्यांची शक्यता निपटून काढायची धडपड झाली, त्याच कलमात ‘पुरुष आणि स्त्रिया’ ही जोडी मात्र नाही.

आरोग्याच्या कलम २५ मध्येही अशीच ओढाताण झाली. ‘लैंगिक व प्रजनन आरोग्य’ हे शब्द तिथे टिकले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक करारात ते पहिल्यांदाच आले. त्यासाठी ‘सेवा’ हा शब्द सोडावा लागला. गर्भपाताच्या मुद्द्यावरून व्हॅटिकनने करारावर सही करायचं नाकारलं.

आता दुसरं प्रकरण, यादीचं. प्रास्ताविकात अपंग व्यक्तींवर एकाच वेळी अनेक कारणांनी होणाऱ्या भेदभावाची नोंद आहे: वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म, मत, राष्ट्रीय, वांशिक, आदिवासी किंवा सामाजिक मूळ, मालमत्ता, जन्म, वय ‘किंवा अन्य दर्जा’. लैंगिक कल (कोणाकडे ओढ वाटते) आणि लिंगभाव ओळख (स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो) यांचा उल्लेख नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ते ‘अन्य दर्जा’त येतं.

हे उत्तर खोटं नाही, पण त्यातला उपरोध मोठा आहे. १९४८ ची यादी पाहा, १९६६ ची पाहा. दोन्हींत अपंगत्व नाही. १९८९ च्या बालहक्क करारात ते आलं. मोठ्यांसाठी मात्र वाट वेगळी होती. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने १९९४ मध्ये सांगितलं, की अपंगत्वावरून होणारा भेदभाव ‘अन्य दर्जा’त मोडतो. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या एका तक्रारीवर निर्णय देताना दुसऱ्या एका समितीने लैंगिक कल हा यादीतल्या ‘लिंग’ या शब्दातच येतो असा अर्थ लावला. पुढे २००९ मध्ये आर्थिक हक्कांच्या समितीनेही लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख ‘अन्य दर्जा’त धरली. म्हणजे अपंग आणि क्वीअर, दोघांनाही मागच्या दारानेच आत घ्यावं लागलं. आणि २००६ साली अपंगांच्या हातात लेखणी आली तेव्हा यादीत ‘आदिवासी’ आणि ‘वय’ यांची भर पडली, पण मागच्या दाराशी उभ्या असलेल्या या सोबत्यांना पुढच्या दाराने बोलावलं गेलं नाही.

यावर एक बचाव आहे. स्त्रियांसाठी स्वतंत्र कलम असावं का, यावरच तेव्हा जोरदार वाद झाला होता. एकाला वेगळं कलम दिलं की प्रत्येक गट मागेल, असं म्हणणारे पुष्कळ होते. स्त्रियांचं कलम ६ आणि मुलांचं कलम ७ अखेर मिळालं, आणि तिथेच दार लोटलं गेलं.

याच सुमारास, ६ ते ९ नोव्हेंबर २००६ या काळात, इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात कायद्याचे काही जाणकार लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांविषयीची तत्त्वं ठरवायला बसले होते. करार मंजूर व्हायला तेव्हा जेमतेम महिना उरला होता. योग्यकर्ता तत्त्वांतल्या दुसऱ्या तत्त्वात इतर भेदभावांची भर पडते असं म्हणताना ‘अपंगत्व’ हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. एका खोलीतल्या लोकांनी दुसऱ्या खोलीतल्यांचं नाव घेतलं, दुसऱ्यांनी पहिल्यांचं घेतलं नाही. फक्त पहिल्या खोलीतल्या कागदावर कोणत्याच देशाची सही लागत नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं.

दोन चळवळींमधला हा अवघडलेपणा आला कुठून? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९७२ मध्ये डॅलसला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक सभेत एक डॉक्टर रबरी मुखवटा, विग आणि ढगळ सूट घालून, आवाज बदलणाऱ्या मायक्रोफोनमधून बोलले: मी समलैंगिक आहे, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. १९७३ च्या डिसेंबरात त्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १७ मे १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतूनही ती गेली. ही लढाई ‘आम्ही आजारी नाही’ या वाक्यावर जिंकली गेली. वाक्य खरंच होतं. पण ज्यांना कायमचा आजार होता, ज्यांच्या फायलीवर मानसिक विकाराचं निदान होतं, त्यांना या वाक्यात जागा उरली नाही. ‘आम्ही त्यांच्यासारखे नाही’ हा त्याचा न उच्चारलेला उत्तरार्ध होता.

त्याच १९९० च्या जुलैत अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. त्यातलं एक कलम म्हणतं, की समलैंगिकता आणि उभयलैंगिकता ही अपंगत्वं नाहीत. इथवर ठीक. पुढच्याच ओळींत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असणं हे बालकांविषयीच्या लैंगिक विकृतीच्या, चोरीच्या आणि आग लावण्याच्या अनावर ओढीच्या पंक्तीला बसवून, या साऱ्यांना संरक्षणातून वगळलं आहे. एचआयव्हीबाधितांना मात्र तोच कायदा लागू झाला. लक्षणं नसली तरी संरक्षण मिळू शकतं, हे १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ठरलं. पारलिंगी व्यक्तींसाठी त्या कलमात फट पडायला २०२२ उजाडलं. जन्मलिंग आणि लिंगभाव यांच्या विसंगतीतून होणारी तीव्र घुसमट वगळलेल्या यादीत येत नाही, असं एका अपील न्यायालयाने म्हटलं. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादीही लागू झाली. तिने लिंगभावाची विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली. पूर्णपणे काढून टाकली नाही, कारण संकेतांकच नसेल तर उपचारांचा खर्च कोण देणार? आजार म्हणवून घ्यायचं नाही आणि दवाखान्याचं दारही बंद होऊ द्यायचं नाही, ही कसरत अपंगांच्या चळवळीला जुनी आहे. पारलिंगी मंडळींनी तिथे दोन गोष्टी विचारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन्ही बाजू नेहमीच फटकून होत्या असं मात्र नाही. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंग आंदोलकांनी एका सरकारी इमारतीचा मजला जवळपास महिनाभर व्यापला होता. फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून सांकेतिक भाषेत बाहेर निरोप देत होते. आणि शहरातल्या गे पुरुषांवरचे हल्ले रोखण्यासाठी रस्त्यावर गस्त घालणाऱ्या एका गटाने वॉकीटॉकी लपवून आत पोचवले. या प्रसंगावर लिहिताना या गस्तवाल्यांना जेमतेम एक ओळ मिळते.

करारानंतरची वाटचाल मुख्यतः देखरेख समितीच्या अर्थ लावण्यातून झाली. २०१४ मध्ये समितीने कलम १२ चा अर्थ सांगितला: अपंगत्वाच्या कारणाने कोणाचीही कायदेशीर क्षमता काढून घेता येत नाही, निर्णय घ्यायला मदत करा, त्याच्या जागी बसून निर्णय घेऊ नका. वाटाघाटींच्या शेवटच्या दिवसांत याच कलमाला एक तळटीप चिकटली होती. अरबी, चिनी आणि रशियन भाषांत ‘कायदेशीर क्षमता’ म्हणजे फक्त हक्क धारण करण्याची क्षमता, ते वापरण्याची नव्हे, असं ती सुचवत होती. डिसेंबर २००६ पर्यंत ती काढण्यात आली. क्वीअर अपंगांसाठी कलम १२ हे कलम २३ पेक्षाही जवळचं आहे. कायद्याने नेमलेल्या पालकाच्या ताब्यात ठेवलेल्या तीस वर्षांच्या माणसाने कोणाला भेटावं, कोणाशी फोनवर बोलावं, हे तो पालक ठरवतो. डॉक्टरकडे दुभाषी म्हणून भाऊ सोबत आला असेल तर कर्णबधिर मुलगी आपल्या जोडीदाराचा विषय हातांनी काढणार कशी? आंघोळ घालणारा मदतनीस कुचकट बोलत असेल, तर त्याला काढून टाकायचा अधिकार कोणाचा? ‘तुला यातलं काय कळतं’ हे वाक्य अपंगांना आणि क्वीअर तरुणांना वेगवेगळं ऐकवलं जातं. दोन्ही असलेल्याला ते दोनदा ऐकावं लागतं.

२०१५ मध्ये जर्मनीच्या अहवालावर बोलताना समितीने इंटरसेक्स (जन्मतःच शरीर स्त्री किंवा पुरुष या ठरावीक साच्यात न बसणाऱ्या) मुलांच्या शारीरिक अखंडतेचा, म्हणजे शरीरात संमतीवाचून फेरफार न होण्याचा, प्रश्न कलम १७ खाली घेतला. यातले बरेच जण स्वतःला अपंग म्हणवत नाहीत, तरी संरक्षण त्यांना अपंगांच्या कराराखाली शोधावं लागलं. २०१६ च्या सामान्य टिप्पणीत अपंग स्त्रिया हा एकसाची गट नाही असं सांगताना लेस्बियन, उभयलैंगिक आणि पारलिंगी स्त्रिया तसंच इंटरसेक्स व्यक्ती यांची नावं आली. करारात नसलेले शब्द असे टिप्पणीत शिरले.

शब्दांवरून आठवलं. मराठीत ‘उभयलिंगी’ हा एकच शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकात एका अर्थाने येतो आणि वर्तमानपत्रात दोन्ही लिंगांकडे ओढ असणाऱ्यांसाठी येतो, म्हणून वर ‘उभयलैंगिक’ लिहिलं. सांकेतिक भाषांत तर अडचण याहून मोठी. गे व्यक्तीसाठीच्या अनेक जुन्या खुणा टवाळीतून आल्या होत्या. कर्णबधिर क्वीअर लोकांनी त्यातल्या काही टाकल्या आणि काही बदलून वापरात आणल्या. हे काम कोणत्याही समितीच्या कागदावर नाही.

१९० हून अधिक देशांनी आज हा करार मान्य केला आहे. त्यात दुरुस्ती करायची तर कलम ४७ नुसार मतदान करणाऱ्या सदस्य देशांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. यादी पुन्हा उघडली तर ‘नातेसंबंध’ हा शब्दही जायचा, अशी धास्ती अनेक कार्यकर्त्यांना वाटते. प्रास्ताविकातली ओळ अजून ‘अन्य दर्जा’ इथेच संपते.