जड गाडीसुद्धा पाण्यावर तरंगते

दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस हमखास गाठतो. दुपारभर ऑक्टोबरचं ऊन, संध्याकाळी ढग दाटतात आणि अर्ध्या तासात रस्त्यावर पाणी साचतं. परवा अशाच पावसात आमच्या गाडीचे चालक वेग कमी करायला तयार नव्हते. "जड गाडी आहे साहेब, रस्ता सोडत नाही." ही समजूत मी इतक्यांकडून ऐकली आहे की ती नेमकी कुठे चुकते, ते मांडायलाच हवं.

समजा गाडी १२०० किलोची आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण ३०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब) हवा असेल, तर दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. हिशोब केला तर टायर रस्त्याला टेकतो ती जागा भरते सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर, जेमतेम हाताच्या पंजाएवढी! आता मागे तिघे बसले, डिकी भरली, की टायर आणखी चपटा होतो आणि ही जागा वाढते. दाब मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण तो ठरवते आतली हवा. वजनाचा फायदा इथेच संपतो.

समोर ३ मिलिमीटर पाणी आहे. १८ सेंटिमीटर रुंद टायर ताशी ९० किलोमीटरने धावताना सेकंदाला साडेतेरा लिटर पाणी बाजूला सारतो, जवळजवळ बादलीभर. खाचांतून जे निसटू शकत नाही, ते टायरखाली पाचरीसारखं शिरतं. या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग ६० वरून ९० वर गेला की दाब सव्वादोन पट. तो टायरच्या दाबाला भारी पडला की चाक रस्त्यावरून उचललं जातं. हेच हायड्रोप्लेनिंग.

नासाच्या लँग्ली केंद्रातल्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ साली यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडलं. पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढून त्याला १६.७ ने गुणलं, की ताशी किलोमीटरमध्ये धोक्याचा वेग मिळतो. ३२ पीएसआयला ९४, २४ पीएसआयला ८२. हे गणित खाचांत न मावणाऱ्या पाण्याचं किंवा गुळगुळीत टायरचं आहे. खाचा चांगल्या असतील आणि पाणी कमी असेल, तर थोडी सवलत मिळते. सूत्रात गाडीचं वजन कुठेच नाही, हे मात्र नीट पाहा.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार जरूर घाला. पण चाकाखाली लिंबू चिरडून पकड वाढत नाही. त्याच वेळी खाली वाकलाच आहात, तर टायरच्या खाचेत बोट घालून बघा. तळाशी छोटे उंचवटे लागतील, १.६ मिलिमीटर उंचीचे. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला असेल, तर तो बदलायचाच. हवाही तपासून घ्या, टायर थंड असताना. जाहिरातींतल्या एबीएसवर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, विसंबू नका. चाक रस्त्याला टेकलेलंच नसेल तर एबीएस धरणार कशाला?

आणि पाण्यातून जाताना स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढा, स्टिअरिंग सरळ धरा. वेग उतरला की टायर पुन्हा टेकतो आणि स्टिअरिंग हाताला जड लागायला लागतं.