दहावी लोकसभा

दहावी लोकसभा : भारतीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची १९९१–९६ ही मुदत. पी. व्ही. नरसिंह राव यांचे काँग्रेस सरकार या काळात सत्तेवर होते. आरंभी त्याला स्वतःचे बहुमत नव्हते आणि बाहेरून पाठिंब्याचे लेखी आश्वासनही कोणत्या मोठ्या पक्षाने दिले नव्हते. इंदिरा गांधी (१९६९ च्या फुटीनंतर), चरणसिंग, विश्वनाथ प्रताप सिंग आणि चंद्रशेखर यांची अल्पमतातील सरकारे आधी होऊन गेली होती; त्यांतले एकही लोकसभेच्या पूर्ण मुदतीपर्यंत पोचले नाही.

मुदतीच्या तारखा : लोकसभा २० जून १९९१ रोजी गठित झाली व दुसऱ्या दिवशी राव यांचा शपथविधी झाला. काही तक्ते मुदत येथूनच मोजतात. मात्र संविधानाच्या अनुच्छेद ८३(२) प्रमाणे पाच वर्षे मोजली जातात ती पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या दिवसापासून. ती बैठक ९ जुलै १९९१ ला झाली, म्हणून हीच तारीख धरणे अधिक योग्य. विसर्जन १० मे १९९६ रोजी, म्हणजे निवडणूक आटोपल्यावर व कमाल मुदतीच्या सुमारे दोन महिने आधी झाले. शपथ घेताना राव कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांच्या सवलतीत, नोव्हेंबर १९९१ च्या पोटनिवडणुकीत, ते नंद्याळमधून निवडून आले.

संख्याबळ : काँग्रेसच्या जागा कुठे २३२ तर कुठे २४४ दिलेल्या आढळतात. हा फरक मुख्यतः पंजाबचा आहे. तेथील मतदान फेब्रुवारी १९९२ मध्ये झाले व १३ पैकी १२ जागा काँग्रेसला मिळाल्या. जम्मू-काश्मीरच्या सहा जागांसाठी मतदान झालेच नाही. भारतीय जनता पक्षाचे १२०, जनता दलाचे ५९ आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ३५ सदस्य होते. सभागृहाची प्रत्यक्ष सदस्यसंख्या पोटनिवडणुका, मृत्यू व राजीनामे यांमुळे सतत हलत असे. त्यामुळे ‘बहुमताला इतके कमी’ हा आकडा तारखेशिवाय सांगण्यात अर्थ नाही.

तटस्थतेचे गणित : अनुच्छेद १०० प्रमाणे साधे निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतात. तटस्थ सदस्य या हिशेबात धरला जात नाही. तो बाजूला बसला की विजयासाठी लागणारी संख्याच खाली येते. १५ जुलै १९९१ च्या विश्वासदर्शक ठरावात भाजपने विरोधी मतदान केले, तर राष्ट्रीय आघाडी (जनता दल व त्याचे मित्रपक्ष) व डावे तटस्थ राहिले आणि सरकार तरले. विरोधकांची ही दोन टोके सहसा एका बाजूला मतदान करत नसत, हाच सरकारचा खरा आधार होता. त्याची किंमतही मोजावी लागे. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पातील खतांची ४० टक्के दरवाढ काही दिवसांतच ३० टक्क्यांवर आणून अल्पभूधारकांना वगळावे लागले.

अविश्वास ठराव (लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम १९८, दाखल होण्यास किमान ५० सदस्यांचा पाठिंबा) तीनदा मतास गेला. १७ जुलै १९९२ रोजी जसवंतसिंग यांचा ठराव २२५ विरुद्ध २७१ असा फेटाळला गेला. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर अटलबिहारी वाजपेयी यांनी मांडलेला ठराव २१ डिसेंबर १९९२ ला १११ विरुद्ध ३३६ असा पडला. या वेळी डावे सरकारच्या बाजूने होते. सर्वांत अटीतटीचा ठरला तो अजय मुखोपाध्याय यांचा २८ जुलै १९९३ चा ठराव : २५१ विरुद्ध २६५. त्या दिवशी सदस्यसंख्या ५२८ होती, म्हणजे बहुमत २६५, आणि काँग्रेसचे स्वतःचे सदस्यही २५१च होते. हे दोन २५१ एकच समजण्याची चूक वारंवार होते. पहिली ठरावाच्या बाजूची, म्हणजे सरकारविरोधी मते. दुसरे पक्षाचे बळ.

उरलेली १४ मते कशी आली, यावरून झारखंड मुक्ती मोर्चा लाच प्रकरण, म्हणजे या पक्षाच्या खासदारांनी पैसे घेऊन सरकारच्या बाजूने मत दिल्याचा खटला, उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी अनुच्छेद १०५(२) चा (सभागृहातील भाषण व मतदानासाठी खासदारांना खटल्यापासून संरक्षण) असा अर्थ लावला, की लाच घेऊन प्रत्यक्ष मतदान केलेल्या सदस्याला संरक्षण आहे. देणाऱ्याला आणि मतदान न केलेल्याला नाही. परिणाम विचित्र होता, कारण ठरल्याप्रमाणे मत देणारा सुटे आणि न देणारा अडके. सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी हा निर्णय रद्द ठरवला. याच प्रकरणात राव यांना २००० मध्ये झालेली शिक्षा दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये रद्द केली होती.

फूट आणि विलीनीकरण : संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, तेव्हा एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा होती (ती तरतूद २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने गेली). जनता दलाच्या ५९ चा तृतीयांश २० होतो. जनता दलातून फुटलेल्या अजितसिंग गटाच्या प्रकरणात लोकसभाध्यक्ष शिवराज पाटील यांच्यापुढे कळीचे प्रश्न दोन होते : फूट एका दिवशीच पडावी लागते की टप्प्याटप्प्यानेही चालते, आणि पक्षाने आधीच काढून टाकलेला सदस्य या २० मध्ये मोजायचा का. अध्यक्षांचा असा निर्णय न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या किहोटो होलोहन खटल्यात फेब्रुवारी १९९२ मध्येच ठरले होते. या गटातील काही सदस्य डिसेंबर १९९३ च्या अखेरीस काँग्रेसमध्ये विलीन झाल्यावर सरकारला स्वतःचे बहुमत मिळाले. म्हणजे ‘पाच वर्षे अल्पमत’ हे वर्णन काटेकोर नाही. सुमारे अडीच वर्षे म्हणणे बरोबर.

विशेष बहुमताचे विषय : येथे तटस्थता उलट काम करते. घटनादुरुस्तीसाठी उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतांबरोबर एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. त्यात रिक्त जागाही मोजतात. ५४५ च्या सभागृहात हा आकडा २७३ येतो. पंचायत व नगरपालिकांविषयीच्या ७३ व ७४ व्या दुरुस्त्या सर्वपक्षीय सहमतीमुळे २२ डिसेंबर १९९२ ला, अविश्वास ठराव फेटाळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लोकसभेत मंजूर झाल्या. धर्म व राजकारण वेगळे करू पाहणारे १९९३ चे ऐंशीव्या दुरुस्तीचे विधेयक मात्र संख्येअभावी बारगळले (याच क्रमांकाची २००० ची दुरुस्ती करवाटपाविषयी आहे). सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याच्या ११ मे १९९३ च्या प्रस्तावावर १९६ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही. पण यासाठीही असेच विशेष बहुमत लागते; २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि प्रस्ताव निकालात निघाला.

एप्रिल १९९३ मध्ये मंत्रालयांच्या कामाची तपासणी करणाऱ्या विभागनिहाय १७ स्थायी समित्या नेमल्या गेल्या. प्रत्येकीत लोकसभेचे ३० व राज्यसभेचे १५ असे ४५ सदस्य होते. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर झाली.