एमआरआय : अचूकता वेगळी, परिणामकारकता वेगळी

रुग्णालयातील एमआरआयचे मूल्यमापन करताना अचूकता आणि परिणामकारकता या दोन गोष्टी सर्रास एकच धरल्या जातात. शरीरात दोष असेल तर तो प्रतिमेत दिसतो का आणि नसेल तर प्रतिमा स्वच्छ येते का, हा अचूकतेचा प्रश्न आहे. त्या प्रतिमेमुळे डॉक्टरांचा निर्णय बदलला का आणि बदललेल्या निर्णयाने रुग्णाचे भले झाले का, हा परिणामकारकतेचा. अमेरिकी संशोधक फ्रायबॅक आणि थॉर्नबरी यांनी 1991 मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्यांच्या चौकटीत प्रतिमेचा तांत्रिक दर्जा सर्वांत खाली आणि समाजाला होणारा लाभ सर्वांत वर आहे. खालची पायरी पक्की असली म्हणून वरची आपोआप गाठली जात नाही.

कंबरदुखीत हा फरक ठळकपणे दिसतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचा एमआरआय काढला, तेव्हा 52 टक्के जणांच्या मणक्यांमधली किमान एक गादी फुगलेली आढळली. यंत्र चुकले नव्हते; गाद्या फुगलेल्या होत्या, पण त्या दुखत नव्हत्या. असाच रिपोर्ट कंबर धरून आलेल्या माणसाच्या हाती पडला, की दुखण्याचे सगळे खापर त्या गादीवर फुटते. 2003 मध्ये अशा रुग्णांत साधा एक्स-रे आणि झटपट एमआरआय यांची तुलना झाली. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या हालचालींतील अडचणी जवळपास सारख्याच होत्या. एमआरआय झालेले रुग्ण अधिक निर्धास्त होते, एवढे खरे. निर्धास्तपणालाही मोल आहे, पण ते बरे होण्याच्या खात्यात जमा करू नये.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाबाबत मात्र एमआरआयने वरची पायरी गाठलेली दिसते. 2018 च्या 500 पुरुषांवरील चाचणीत आधी एमआरआय करून गरज असेल तिथेच बायोप्सी (ग्रंथीचा छोटा तुकडा काढून तपासणी) केल्यावर उपचार करण्याजोगा कर्करोग 38 टक्के जणांत सापडला, तर नेहमीच्या बायोप्सीत 26 टक्के जणांत. शिवाय निरुपद्रवी कर्करोगाचे निदान 22 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आले.

खर्चाच्या हिशेबात हा घोळ आणखी वाढतो. यंत्राचा अतिवाहक (अतिथंड असताना विजेला रोध न करणारा) चुंबक द्रवरूप हेलियमने सतत थंड ठेवावा लागतो, त्यामुळे रुग्ण आला नाही तरी खर्च थांबत नाही, आणि जितक्या तपासण्या जास्त तितका प्रत्येकीचा खर्च कमी दिसतो. साहजिकच यंत्र दिवसभर चालू आहे, यालाच व्यवस्थापन यश समजू लागते. परंतु स्वस्तात काढलेली निरुपयोगी प्रतिमा ही उधळपट्टीच असते. त्यातच एखादी अनपेक्षित गाठ दिसली, तर तिच्या पाठपुराव्याच्या तपासण्यांचा खर्च प्रत्येक तपासणीच्या या आकड्यात कुठेच येत नाही. तो दुसऱ्याच विभागाच्या नावे पडतो.