वाचन आणि शिक्का: सामाजिक शास्त्रांच्या नियतकालिकांतील तज्ज्ञ-समीक्षणाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त शोधनियतकालिकांची 'केअर' यादी बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सांगली-साताऱ्याकडच्या आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न निघाला तो 'आता पेपर कुठे पाठवायचा?' हा. पदोन्नतीची फाईल तयार करणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने हा प्रश्न रास्तच आहे. यादीच्या जागी आयोगाने नियतकालिक पारखण्याचे सुचवलेले निकष दिले असून प्रत्यक्ष पारख आता शिक्षणसंस्थांनी आणि संशोधकांनी करायची आहे. ही यादी का आली, का गेली आणि ज्या तज्ज्ञ-समीक्षणाची, म्हणजे लेख त्याच विषयाच्या जाणकारांकडून तपासून घेण्याची, रोजच्या बोलण्यातल्या 'पिअर रिव्ह्यू'ची, ती हमी देऊ पाहत होती ते मुळात काय आहे, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हा काय छापायचे हे मुख्यतः तेच ठरवत. १७५२ मध्ये सोसायटीने ते नियतकालिक स्वतःकडे घेतले आणि निवडीसाठी समिती नेमली. पण ती समिती मतदानाने निर्णय घेई, लेखकाला कारणे कळवण्याची पद्धत नव्हती. लेखावर लेखी अभिप्राय मागवण्याची कल्पना विल्यम ह्यूएल यांनी १८३१ मध्ये मांडली. पहिलाच प्रयोग जॉर्ज एअरी यांच्या खगोलशास्त्रीय लेखावर झाला आणि पहिल्याच वेळी दोन समीक्षकांचे पटले नाही. ह्यूएल यांना लेखाचे मोठेपण सांगायचे होते, तर जॉन लबक यांना त्यातले दोष दाखवायचे होते. समीक्षकाने लेखाची ओळख करून द्यायची की त्याची परीक्षा घ्यायची, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि आजही मिटलेला नाही.

ही पद्धत सर्वत्र रूढ व्हायला मात्र फार वेळ लागला. १९३६ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'च्या संपादकांनी आइन्स्टाइन यांचा लेख समीक्षकाकडे पाठवला, तेव्हा आपण लेख छापण्यासाठी दिला होता, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, असे कळवून त्यांनी तो परत घेतला. 'नेचर'ने प्रत्येक लेखासाठी बाहेरच्या समीक्षकांचा नियम केला तो १९७३ मध्ये. 'पिअर रिव्ह्यू' हा शब्दप्रयोगदेखील त्याच दशकात सर्वतोमुखी झाला. आज जी गोष्ट विद्याव्यवहाराची सनातन अट म्हणून सांगितली जाते, तिचे सार्वत्रिक रूप जेमतेम पन्नास वर्षांचे आहे. हे सांगण्यामागे समीक्षणाचे महत्त्व कमी करण्याचा हेतू नाही. त्याआधीही ज्ञानाची पारख होत होतीच, फक्त ती कोणत्या शिक्क्याने सिद्ध करावी लागत नव्हती.

भारतातील सामाजिक शास्त्रांची महत्त्वाची नियतकालिके स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत उभी राहिली. 'इकॉनॉमिक वीकली' १९४९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १९६६ पासून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नावाने निघू लागले. भारतीय समाजशास्त्र परिषदेचे 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' १९५२ चे, तर पुण्याच्या गोखले संस्थेचे 'अर्थविज्ञान' १९५९ चे. मराठीत हे काम वेगळ्या वाटेने झाले आणि त्या वाटेवर सातारा जिल्ह्यातील वाईचे स्थान मोठे आहे. इस्लामपूरला राहिलेले आचार्य शं. द. जावडेकर ज्याचे संपादक होते ते 'नवभारत' पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाकडे आले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, मे. पुं. रेगे यांच्या संपादनाखाली समाज, राजकारण आणि तत्त्वज्ञान यांवरील गंभीर लेखन त्यातून होत राहिले. मराठी विश्वकोशाचे कामही वाईतच चालले आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि संदर्भ दिलेले असतात. म्हणजे मजकुराची जबाबदारी कुणाची हे वाचकाला कळते. त्या काळात कुणी 'रेफ्रीड' (समीक्षित) हा शब्द वापरला नसेल, पण लेखनातील विधानाला लेखकाने आणि संपादकाने उत्तरदायी असावे हा आग्रह मराठीने बाहेरून आणलेला नाही.

या प्रदेशाशी जोडलेले त्याहून बोलके उदाहरण दारिद्र्यमापनाच्या वादाचे आहे. वि. म. दांडेकर यांचा जन्म साताऱ्याचा, आणि पां. वा. सुखात्मे यांचा सातारा जिल्ह्यातल्याच बुध गावचा. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या जानेवारीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ही सीमा धरून १९६०–६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक त्याखाली होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेल्या सुखात्मे यांनी या प्रकारच्या मापनाच्या पायावरच बोट ठेवले. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरज हीच कुपोषणाची सीमा मानली तर कुपोषितांची संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी ते मान्य केले नाही आणि १९८१ व १९८२ मध्ये त्याच साप्ताहिकातून सविस्तर उत्तर दिले. गृहीतके कोणती, आकडे कोठून घेतले, त्यातून निष्कर्ष कसा निघतो हे दोघांनीही छापून मांडले आणि वाचकांसमोर तपासू दिले. माझ्या मते समीक्षणाचा गाभा हाच आहे. ते प्रसिद्धीपूर्वी बंद पाकिटात होते की प्रसिद्धीनंतर उघडपणे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

बंद पाकिटातील समीक्षणाची मर्यादा सामाजिक शास्त्रज्ञांनी स्वतःच तपासून पाहिली. डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञांनी नामांकित अमेरिकन विभागांतील लेखकांचे आधीच छापून आलेले १२ लेख घेतले, लेखकांची आणि संस्थांची नावे बदलून अपरिचित नावे घातली आणि ते ज्या नियतकालिकांत छापले होते तेथेच पुन्हा पाठवले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार केवळ तीन लेख ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले आणि नकारामागे अनेकदा संशोधनपद्धतीतील गंभीर दोषांचे कारण दिलेले होते. संपादकांना न सांगता त्यांच्यावरच प्रयोग करणे कितपत नैतिक, हा प्रश्नही तेव्हा उपस्थित झाला आणि तो योग्यच होता. पुढे अर्थशास्त्रज्ञ रिबेका ब्लँक यांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये काही लेख लेखकाचे नाव झाकून, तर काही नावासह समीक्षकांकडे पाठवण्याचा प्रयोग केला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नाव झाकल्यावर स्वीकृतीचे प्रमाण घटले आणि समीक्षक अधिक कठोर झाले. तरीही २०११ मध्ये त्या नियतकालिकाने नाव झाकण्याची पद्धत सोडून दिली, कारण इंटरनेटवर शोध घेतला की लेखकाचे नाव सहज कळू लागले होते.

आमच्याकडे तर इंटरनेटचीही गरज पडत नाही. 'तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांची कर्जबाजारी स्थिती' किंवा 'माण-खटावमधील दुष्काळ आणि स्थलांतर' असा लेख नाव झाकून आला तरी तो कुणाचा, त्याचा मार्गदर्शक कोण, हे कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या समीक्षकाला शीर्षकावरूनच समजते. मराठीतून सामाजिक शास्त्रांचे संशोधन वाचून त्यावर अभिप्राय देणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे. त्यातले बरेच जण एकमेकांच्या पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला परीक्षक म्हणून बसलेले असतात. अशा ठिकाणी हितसंबंध लेखी जाहीर करणे आणि गरज असेल तेथे समीक्षणास नकार देणे या गोष्टी नाव झाकण्यापेक्षा अधिक उपयोगाच्या ठरतात, असा माझा अनुभव आहे.

प्रकाशननीतीचे लेखी संकेत गेल्या तीन दशकांत तयार झाले. संपादकांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये १९९७ साली 'कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स', म्हणजेच 'कोप', स्थापन झाली. सुरुवात वैद्यकीय नियतकालिकांपासून झाली असली तरी तिची मार्गदर्शक तत्त्वे पुढे सर्व विद्याशाखांनी स्वीकारली. एकाच वेळी दोन ठिकाणी लेख न पाठवणे, एकाच माहितीचे तुकडे करून अनेक लेख न काढणे, ज्याने काम केले नाही त्याचे नाव लेखकांत न घालणे, समीक्षकाने हस्तलिखितातील कल्पना न वापरणे, चूक आढळल्यास लेख उघडपणे मागे घेणे, हे त्यातले प्रमुख संकेत होत. सामाजिक शास्त्रांना त्यांची निकड प्रकर्षाने जाणवली ती २०११ मध्ये, नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षे माहिती बनावट तयार केल्याचे उघड झाले तेव्हा. त्यांचे ५० हून अधिक लेख मागे घ्यावे लागले. ही फसवणूक समीक्षकांनी पकडली नाही. ती त्यांच्याच गटातील तरुण संशोधकांनी उजेडात आणली. चौकशी समितीने तर असेही नोंदवले की काही समीक्षकांनी निष्कर्षाला न जुळणारे भाग गाळण्याचाच सल्ला दिला होता. समीक्षक लेख वाचतो, कच्ची माहिती सहसा वाचत नाही, ही उणीव तेव्हा ठळक झाली.

भारतात प्रश्नाचे स्वरूप वेगळे झाले ते २०१० च्या नियमावलीमुळे. आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि पदोन्नतीसाठी 'एपीआय' ही गुणपद्धती आणली. समीक्षित नियतकालिकातील लेखाला १५ गुण आणि आयएसएसएन क्रमांक असलेल्या, पण समीक्षित नसलेल्या मान्यताप्राप्त नियतकालिकातील लेखाला १० गुण ठरले. आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे, गुणवत्तेशी त्याचा काहीही संबंध नाही. पण गुणांच्या तक्त्यात त्याचा उल्लेख आला आणि तो प्रतिष्ठेचे चिन्ह बनला. ज्या ग्रामीण महाविद्यालयांत एकेका प्राध्यापकाकडे तासिकांचा मोठा भार होता, ग्रंथालयात नियतकालिकांची वर्गणी अपुरी होती आणि संशोधनाची परंपरा नव्हती, तेथेही लेखांची संख्या दाखवणे सक्तीचे झाले. मागणी अशी तयार झाल्यावर पुरवठा करणारे आलेच. तीन दिवसांत स्वीकृती, पैसे भरल्यावर प्रमाणपत्र, स्वतःच ठरवलेला 'इम्पॅक्ट फॅक्टर' (नियतकालिकातील लेखांचे संदर्भ इतरत्र किती दिले जातात याचे माप) असे संदेश आमच्या मोबाईलवर येऊ लागले. चर्चासत्रासाठी आलेले सगळे निबंध एखाद्या नियतकालिकाचा विशेषांक म्हणून छापण्याची प्रथाही याच काळात रुजली. अशा एका विशेषांकाच्या समीक्षक मंडळात माझे नाव छापलेले मी पाहिले. माझ्याकडे एकही निबंध वाचायला आलेला नव्हता. तेव्हा लेखी हरकत घ्यायला हवी होती, ती मी घेतली नाही, याची खंत आजही आहे.

आयोगाने यावर उपाय म्हणून जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. तीत ३८ हजारांहून अधिक नावे होती. विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्यात आलेल्या नियतकालिकांची भूषण पटवर्धन आणि त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी तपासणी केली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मधून निष्कर्ष मांडला की त्या भागातील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली आणि जून २०१९ पासून 'केअर' यादी अमलात आली. तिच्यामुळे बनावट नियतकालिकांना निश्चितच आळा बसला, परंतु यादीतल्या प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब दुसरी संकेतस्थळे उघडून लेखकांकडून पैसे घेण्याचा नवा प्रकारही सुरू झाला. मराठीतील चांगल्या, पण तांत्रिक कागदपत्रे पुरवू न शकणाऱ्या नियतकालिकांचा यादीत निभाव लागणे अवघड होते, आणि हे नुकसान मला अधिक मोठे वाटते.

वाङ्मयचौर्याबाबतचे नियम जुलै २०१८ मध्ये आले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे असून प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतून मराठीत उतरवलेला परिच्छेद सहजी ओळखत नाही, आणि क्षेत्रीय माहिती खरी आहे का हे तर ते सांगूच शकत नाही. जत-आटपाडीतील ऊसतोड कुटुंबांच्या मुलाखती खरोखर घेतल्या का, त्यांची संमती होती का, गावाच्या आणि व्यवसायाच्या उल्लेखावरून उत्तरदात्याची ओळख उघड होते का, हे विचारणारा माणूसच लागतो. सामाजिक शास्त्रांत लेखाचा विषय झालेली माणसे शेजारच्याच गावात राहतात, तो लेख कधीतरी त्यांच्याही हाती पडतो, म्हणून हे प्रश्न समीक्षकाने विचारायलाच हवेत.

यादी बंद झाल्यानंतर आमच्या महाविद्यालयात निकष ठरवण्यासाठी समिती नेमली गेली. संपादक मंडळातील नावे खरी आहेत का, शुल्क जाहीर केले आहे का, समीक्षणाची पद्धत संकेतस्थळावर लिहिली आहे का, हे मुद्दे लगेच मान्य झाले. लेखासोबत समीक्षकांचे मूळ अभिप्राय आणि त्यांनुसार केलेले बदल जोडावेत, अशी सूचना मी केली. त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, कारण उपस्थितांपैकी अनेकांकडे, आणि २०१० नंतरच्या माझ्याही काही लेखांबाबत माझ्याकडे, जोडण्यासारखा अभिप्राय नव्हता.