सेलेस्ट (व्हिडिओ गेम)

अवघड द्विमितीय प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत अडथळे पार करायचा गेम. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या छोट्या चमूने केलेला हा स्वतंत्र गेम जानेवारी 2018 मध्ये संगणक, निन्टेंडो स्विच, प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन यांवर प्रसिद्ध झाला. पिक्सेल चित्रांचे काम प्रामुख्याने ब्राझीलच्या पेद्रो मेदेइरोस व आमोरा बेटानी यांचे, संगीत लीना रेन यांचे. मॅडलिन ही तरुणी सेलेस्ट नावाचा पर्वत चढायला निघते, एवढेच कथासूत्र. उडी, भिंतीला धरून चढणे आणि हवेत आठ दिशांना मारता येणारा एक झपाटा, म्हणजे डॅश, इतकीच तिची साधने. डॅश वापरला की तिचे लाल केस निळे होतात आणि जमिनीला पाय टेकताच पुन्हा लाल. त्यामुळे डॅश शिल्लक आहे की नाही हे पाहायला नजर तिच्यावरून हटवावी लागत नाही.

अशा अवघड प्लॅटफॉर्मरच्या परंपरेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत तिचे मूळ 1980 च्या दशकातील नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत आणि घरगुती कन्सोलांत शोधते. तेव्हा खेळाडूचे मर्यादित जीव संपले की खेळ संपे. दुसरे मत 2000 नंतर इंटरनेटवर फुकट वाटल्या गेलेल्या छोट्या गेमांकडे बोट दाखवते: साधारण 2004 च्या सुमाराचा ‘एन’, 2007 चा ‘आय वॉना बी द गाय’ आणि 2008 च्या फ्लॅश गेमवरून वाढवलेला 2010 चा ‘सुपर मीट बॉय’. यांत मरण स्वस्त झाले. मेल्यावर क्षणात त्याच खोलीच्या, म्हणजे टप्प्याच्या, तोंडाशी उभे राहायचे आणि जीवांची मोजदाद नाही. सेलेस्टची घडण पाहता दुसरे मत अधिक पटते. थॉर्सन स्वतः याच फुकट गेमांच्या वर्तुळातून पुढे आले होते. पहिला नमुना 2015 मध्ये पिको-8 या मुद्दाम मर्यादित ठेवलेल्या प्रणालीवर चार दिवसांत तयार झाला. त्यात तीस खोल्या होत्या. तो पूर्ण गेममध्येही तिसऱ्या प्रकरणात एका जुन्या संगणकावर लपवलेला सापडतो.

गेमचे खरे बळ हालचालीच्या गणितात आहे. पात्राचे स्थान नेहमी पूर्ण पिक्सेलांत मोजले जाते. वेगातून उरलेला अपूर्णांक बाजूला साठवतात आणि तो एक पिक्सेल भरला की पात्र एक पाऊल सरकते. प्रत्येक पावलाला टक्कर तपासली जाते. म्हणून पात्र भिंतीत रुतत नाही आणि तेच बटण त्याच क्षणी दाबले तर निकालही तोच येतो. या काटेकोर पायावर निर्मात्यांनी सवलतींचा एक अदृश्य थर चढवला आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापर्यंत उडी मान्य होते (कायोटी टाइम). जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवले जाते. उडीच्या शिखरावर बटण दाबून धरले तर गुरुत्वाकर्षण निम्मे होते आणि उतरायची जागा निवडायला अवधी मिळतो. डोके छपराच्या कोपऱ्याला आपटले तर मॅडलिनला अलगद बाजूला सरकवले जाते. भिंतीवरून उडी मारायला भिंतीला चिकटावे लागत नाही, दोन पिक्सेलांचे अंतर चालते. काट्यांपासून दूर जात असताना काटे मारत नाहीत. हालचालीचा हा कोड निर्मात्यांनी अभ्यासकांसाठी खुला केला, म्हणून हे तपशील खात्रीने सांगता येतात. कठोर दिसणारा गेम खेळाडूच्या बाजूने झुकतो. चूक आपलीच होती आणि ती सुधारता येईल, असे शेकडो मरणांनंतरही वाटत राहते ते यामुळेच.

दोष मुख्यतः काटेकोरपणा आणि सवलत यांचा हा मेळ सुटतो तिथे दिसतात. पाचव्या प्रकरणातील मिरर टेंपल अंधारे आणि फाटे फुटलेले आहे. तिथे ‘एक खोली, एक कोडे’ ही लय मोडते, आणि हे प्रकरण सर्वांत कमकुवत मानायला हरकत नाही. आठ दिशांचा डॅश अॅनालॉग स्टिकवर (कंट्रोलरच्या फिरत्या दांडीवर) तिरका मारताना चुकतो. ही चूक कौशल्याची नसून साधनाची असते, आणि तिथे सवलतीचा थरही पुरेसा मदतीला येत नाही. कॅसेट शोधून उघडणाऱ्या बी-साइड आणि त्यापुढच्या सी-साइड, म्हणजे त्याच प्रकरणांच्या अधिक अवघड आवृत्त्यांतील, खोल्या अप्रतिम रचलेल्या आहेत, पण त्यांत कथा जवळपास नाही. सप्टेंबर 2019 मध्ये मोफत आलेले ‘फेअरवेल’ हे शेवटचे प्रकरण वेव्हडॅशसारखी (हवेतून तिरका खाली डॅश मारून जमिनीला टेकताच उडी घेण्याची) तंत्रे मागते. ही तंत्रे मूळ सात प्रकरणांत कुठेच अनिवार्य नव्हती, त्यामुळे चढ एकदम उभा होतो.

असिस्ट मोड हे दुसरे मोठे बळ. वेग निम्म्यापर्यंत कमी करणे, दम न संपणे, जादा डॅश, अभेद्यता, प्रकरण ओलांडून जाणे असे पर्याय खेळाडू हवे तसे जुळवतो. त्यांसाठी कुठलेही बक्षीस रोखले जात नाही. अवघड गेम सोपा केला की त्याचा अर्थच जातो, या जुन्या समजाला याहून ठोस उत्तर क्वचितच मिळाले असेल.

कथा चिंता आणि नैराश्याविषयी आहे. गोल्डन रिज प्रकरणात केबल कार मध्येच अडकते आणि मॅडलिनला धाप लागते. सहप्रवासी थिओ तिला डोळ्यांसमोर एक पीस आणायला सांगतो. खेळाडू बटण दाबत-सोडत ते पीस श्वासाच्या लयीत तरंगत ठेवतो. पुढे हाच उपाय ती एकटी करू पाहते, तेव्हा तिचे दुसरे रूप, म्हणजे तिच्या मनातल्या भीतीने घेतलेला आकार, ते पीस कापून टाकते. त्या रूपाशी समेट झाल्यावर शेवटच्या चढाईत दोन डॅश मिळतात. कथेतला बदल असा थेट बोटांना जाणवतो. संवाद काही ठिकाणी रूपक फारच उघड करून सांगतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. मॅडलिन पारलिंगी असल्याचे थॉर्सन यांनी नोव्हेंबर 2020 मध्ये स्पष्ट केले.

2018 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम स्वतंत्र गेम आणि गेम्स फॉर इम्पॅक्ट हे पुरस्कार मिळाले. संवाद भारतीय भाषांत उपलब्ध नाहीत. जानेवारी 2024 मध्ये ‘सेलेस्ट 64’ हा छोटा त्रिमितीय गेम मोफत देण्यात आला. याच चमूचा ‘अर्थब्लेड’ हा पुढचा गेम जानेवारी 2025 मध्ये रद्द झाला. खेळाडूंनी स्वतः रचलेल्या नव्या नकाशांचे संग्रह अजून निघतात. 2023 चा ‘स्ट्रॉबेरी जॅम’ हा त्यांतला एक मोठा संग्रह असून त्यात नवशिक्यांपासून अतिकुशल खेळाडूंपर्यंत पायऱ्या पाडलेल्या आहेत.