धरणासाठी पीएमपी कशी मागवायची : कोणाला लागते, कोणती कागदपत्रे, कुठे अडते

धरणाचा सांडवा (जादा पाणी बाहेर सोडण्याची वाट) किती पुरासाठी हवा, हे ठरवायला आधी पावसाचा आकडा लागतो. त्या पाणलोटावर, त्या ऋतूत, निसर्ग जास्तीत जास्त किती पाऊस पाडू शकेल? या वरच्या मर्यादेला महत्तम संभाव्य पर्जन्य, म्हणजे पीएमपी म्हणतात. तिच्यावरून निघतो तो पीएमएफ, महत्तम संभाव्य पूर. 11 ऑगस्ट 1979 ला गुजरातमधील मोरबीजवळचे मच्छू-2 धरण फुटले, तेव्हा आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या कितीतरी पलीकडचा होता.

कोणाला लागते

धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. 15 मीटरपेक्षा उंच सर्व धरणे त्यात येतात. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे माथ्याची लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर किंवा पूरविसर्ग 2000 घनमीटर प्रतिसेकंद यांपैकी एक जरी अट भरली तरी येतात. पाया विशेष अवघड असेल किंवा रचना वेगळी असेल तरीही. अशा धरणाच्या मालकाने, मग तो जलसंपदा विभाग असो, महापालिका असो की वीज कंपनी, स्वतंत्र तज्ज्ञ समितीकडून सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन करून घ्यायचे असते. पहिले मूल्यमापन कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत. संकल्प पुराची, म्हणजे ज्या पुरासाठी धरणाची रचना केली त्याची, फेरतपासणी त्यातच येते.

मात्र पीएमपी सगळ्यांना लागत नाही. आयएस 11223 या भारतीय मानकानुसार साठा 60 दलघमीपेक्षा (दशलक्ष घनमीटर) जास्त किंवा जलशीर्ष (भरलेल्या जलाशयाची पातळी आणि धरणाखालच्या पाण्याची किमान पातळी यांतला फरक) 30 मीटरपेक्षा जास्त असेल, तर पीएमएफ धरायचा. मधल्या गटाला प्रमाण प्रकल्प पूर (त्या प्रदेशात वाजवीपणे अपेक्षित अशा सर्वांत तीव्र पावसाचा पूर), लहानांना 100 वर्षांचा पूर (सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणारा). साठा एका गटात आणि जलशीर्ष दुसऱ्या गटात पडले, तर वरचा गट घ्यायचा. बरेच जण नुसता साठा बघून मोकळे होतात आणि फाइल परत येते.

कागदपत्रे आणि अर्ज

आधी केंद्रीय जल आयोग आणि हवामान विभागाचे खोरेनिहाय पीएमपी अ‍ॅटलस पाहा. तिथल्या मूल्यावर भागत नसेल, तर मालक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने भारतीय हवामान विभागाच्या नवी दिल्लीतील जलहवामान विभागाला पत्र द्यावे. सोबत:

- अक्षांश-रेखांशांसह पाणलोट नकाशा, समोच्च रेषा व उपपाणलोट दाखवून
- पाणलोटाचे क्षेत्रफळ, धरणाची मुख्य परिमाणे, मूळ संकल्प पूर
- आतल्या व आसपासच्या पर्जन्यमापकांची यादी आणि स्वतःच्या केंद्रांच्या दैनिक नोंदी
- मोठ्या पुरांच्या तारखा, त्या दिवसांचे स्वयंलेखी पर्जन्यमापकाचे आलेख
- किती कालावधीचे वादळ (इथे अर्थ मोठ्या पावसाची घटना) हवे (1, 2 की 3 दिवस) आणि तासवार वाटणी हवी असल्याचा स्पष्ट उल्लेख

शेवटची ओळ विसरू नका. नुसता एकूण पाऊस हाती आला तर एकक जलालेखाला (ठरावीक पावसाने नदीचा प्रवाह वेळेनुसार कसा बदलतो ते दाखवणारा आलेख) तो लावायचा कसा?

आकडा कसा निघतो

आसपासच्या प्रदेशातली गेल्या शतकाहून अधिक काळातली मोठी वादळे घेतात. प्रत्येकाचे पाऊस-क्षेत्र-कालावधी विश्लेषण (किती क्षेत्रावर किती वेळात किती पाऊस) होते, कारण एका मापकावरचा पाऊस म्हणजे पाणलोटावरचा पाऊस नव्हे. 27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला 75 मिमीसुद्धा नाही.

मग वादळाचे स्थलांतर, म्हणजे ते आपल्या पाणलोटावर आणून बसवणे. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. कोकणात बरसलेले वादळ सह्याद्री ओलांडून पठारावर बसवता येत नाही. तो पाऊस डोंगराने उचललेला असतो. हवामान आणि भूरचना सारखी असेल तिथूनच वादळ आणावे. त्यानंतर बाष्पाची दुरुस्ती. समजा वादळाच्या वेळच्या दवबिंदूनुसार हवेत 80 मिमी पाण्याइतके बाष्प होते आणि त्या जागी त्या ऋतूत 92 मिमीपर्यंत असू शकते. गुणक 1.15; दोन दिवसांचा 400 मिमी पाऊस 460 होतो. शेवटी सगळ्या वादळांचे आच्छादक वक्र, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यांना वरून झाकणारी रेषा, काढतात.

दैनिक नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी असते, तर वादळ घड्याळ बघून येत नाही. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर कोणत्याही सलग 24 तासांसाठीची दुरुस्ती चढते. ती आधीच झाली आहे का, हे अहवालात तपासा, नाहीतर ती दोनदा लागते.

अहवाल आला की तो संकल्पचित्र (डिझाइन) कार्यालयाकडे पूर काढण्यासाठी जातो. महाराष्ट्रात मूल्यमापनाच्या कागदांत तो नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेसमोरही यायला हवा. पुढे अतिवृष्टी किंवा भूकंपाची मोठी घटना घडली, किंवा धरणाच्या मूळ रचनेत मोठा बदल झाला, तर कायद्यानुसार मूल्यमापन पुन्हा करावे लागते. त्या वेळी नव्या वादळाच्या नोंदी जोडून पीएमपीही नव्याने मागवावी.