हार्ड डिस्क दिसते, पण लॅपटॉप तिच्यावरून चालू होत नाही: दुकानात यायच्या आधी हे वाचून या

आठवड्याला दोन-तीन जण तरी हीच तक्रार घेऊन येतात म्हणून हा कागद काढलाय. आतली डिस्क स्लो झाली किंवा जुना लॅपटॉप गेला, म्हणून सगळं एक्सटर्नल हार्ड डिस्कवर घेतलं, केबल लावली, आणि लॅपटॉप 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणतो (म्हणजे ज्यावरून सुरू होता येईल अशी डिस्कच सापडत नाही) नाहीतर काळ्या स्क्रीनवर पांढरी रेघ लुकलुकत बसते. मग विचारतात, डिस्क खराब निघाली का? बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते.

घोळ असतो कॉपी-पेस्टचा. सी ड्राइव्ह उघडला, कंट्रोल ए, कॉपी, एक्सटर्नलवर पेस्ट, रात्रभर चालू ठेवलं, सकाळी विंडोज, प्रोग्राम फाइल्स, युजर्स सगळे फोल्डर जागच्या जागी दिसतात, त्यामुळे काम झालं असंच वाटतं. पण लॅपटॉप सुरू होताना विंडोजचा फोल्डर बघतच नाही. तो आधी बघतो एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, साधारण १०० एमबीचा, फॅट ३२ फॉरमॅटमधला, त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं म्हणून माय कॉम्प्युटरमध्ये ते तुम्हाला कधी दिसलेलं नसतं. त्यातली बूट फाइल पुढे विंडोज कुठे आहे ते दाखवते. ते पार्टिशन कॉपी-पेस्टमध्ये येत नाही. शिवाय विंडोज चालू असताना रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग ठेवणाऱ्या, फाइल्स लॉक असतात, मध्येच 'फाइल इन यूज' येतं, आपण स्किप दाबतो आणि नेमकं तेच लागणार असतं. विंडोजची आयएसओ फाइल (विंडोज टाकायचं सगळं एकाच फाइलमध्ये बांधलेलं) नुसती डिस्कवर टाकली तरी तेच, त्या फाइलवरून डिस्क बूटेबल करून घ्यावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हात जोडून सांगतो: नवीन डिस्कवरून लॅपटॉप चालू होऊन चार दिवस नीट चालल्याशिवाय जुन्या डिस्कला फॉरमॅट मारू नका. दिवाळीच्या आधी एक ट्रान्सपोर्टवाले गृहस्थ आले होते, त्यांनी सी ड्राइव्ह असाच कॉपी केला आणि लगेच लॅपटॉपमधली एसएसडी फॉरमॅट करून टाकली. कॉपी करताना आउटलुक उघडं राहिलं होतं त्यामुळे पीएसटी फाइल स्किप झाली होती, आणि पार्ट्यांच्या सगळ्या मेल, रेट, कन्फर्मेशन त्या एका फाइलमध्ये. साध्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झाला तर बरंचसं परत निघतं, पण एसएसडी फॉरमॅट झाली की रिकामी केलेली जागा ती स्वतःच पुसून टाकते. आम्ही दोन दिवस धडपडलो, ती फाइल मिळाली नाही. ते टेबलासमोर बसून फोनमधल्या जुन्या मेल एकेक करून बघत होते, मला ते अजून डोळ्यासमोर दिसतं.

घरी काय बघता येईल ते सांगतो. डिस्क हबला लावू नका, थेट लॅपटॉपच्या यूएसबीला लावा, शक्यतो तिच्याबरोबर आलेल्याच केबलने. लावल्यावर हात ठेवून बघा, फिरतेय असं बारीक कळतं, आणि टक् टक् आवाज होऊन परत बंद पडत असेल तर बरेचदा तिला करंट पुरत नसतो. जुन्या यूएसबी २.० ला ५०० मिलीॲम्पिअर मिळतात, ३.० ला ९००, म्हणून पोर्ट बदलून बघा. तरी टक् टक् चालूच असेल तर लगेच काढा आणि आमच्याकडे आणा, परत परत लावून बघू नका. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला तर वेगळा ॲडॉप्टर लागतोच.

मग लॅपटॉप रीस्टार्ट करा, शटडाऊन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. चालू होताना डेल, लेनोव्हो, एसरला एफ १२, एचपीला एफ ९, आसूसला एस्केप दाबत राहा, म्हणजे बूट मेनू येतो (एसरच्या बऱ्याच मॉडेलला तो आधी बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमधून, चालू करावा लागतो). त्या यादीत डिस्क असेल तर निवडा. नसेल तर तिथेच थांबा.

थांबा म्हणतो ते बायोसमध्ये जाऊन काही बदलू नका म्हणून. व्हिडिओ बघून सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बंद करतात आणि पुढच्या वेळी चालू करताना बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागलेलं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुतेकांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेव्ह असते, पण ते अकाउंट कुठल्या ईमेलचं होतं तेच आठवत नाही. की नसेल तर डेटा आम्हीच काय, कोणीही काढून देऊ शकत नाही.

दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपची डिस्क केसिंगमध्ये घालून नव्यावर चालवायची असेल तर मात्र तो नाद सोडा. ती बरेचदा एमबीआर या जुन्या पद्धतीची असते, नवीन लॅपटॉप फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीवर चालतात, त्यामुळे ती यादीतच येत नाही. आणि विंडोज ७ असेल तर यूएसबीवरून सुरू होताना निळी स्क्रीन येते. त्यातला डेटा मात्र बहुतेक व्यवस्थित निघतो, आणि तुम्हाला खरं तर तोच हवा असतो. नीट क्लोन केलेलं, म्हणजे त्या छोट्या पार्टिशनसकट अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवलेलं, विंडोजसुद्धा कायम एक्सटर्नलवर चालवा असं मी सांगणार नाही, मायक्रोसॉफ्टची त्यासाठी विंडोज टू गो नावाची सोय होती तीही त्यांनी २०२० मध्ये काढून टाकली. उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) एक्सटर्नलवर चालतं, ते आम्ही टाकून देतो. विंडोजसाठी आत एसएसडी बसवा, जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपला ठेवा, दोन्ही वस्तू दुकानात असतात.

"क्लोनला एक दिवस कशाला, कॉपीच तर आहे" असं बरेच जण म्हणतात. ५०० जीबीची हार्ड डिस्क अगदी चांगली असली, सेकंदाला १०० एमबी वाचत असली तरी दीड तास जातो, यूएसबी २.० वर साडेचार तासाच्या वर, आणि खराब सेक्टर असतील तर रात्र जाते. त्यानंतर आम्ही तुमच्या समोर नवीन डिस्कवरून लॅपटॉप चालू करून दाखवतो आणि तुमच्या फाइल्स तुम्हालाच उघडून बघायला लावतो. जुनी डिस्क जशीच्या तशी परत देतो. चार्ज आधी सांगतो, तुम्ही हो म्हटल्यावरच स्क्रू उघडतो.

येताना लॅपटॉपचा चार्जर, डिस्कची केबल आणि विंडोजचा पासवर्ड आणा, बिटलॉकरची की असेल तर तीही. केबल घरी राहिली म्हणून परत जावं लागणारे रोजचे असतात. आणि आधी काय काय करून बघितलं ते सगळं सांगा, फॉरमॅट मारला असेल तर तेही, त्यावर आम्ही कोणाला बोलत नाही, फक्त काम कुठून सुरू करायचं ते कळतं.